उद्याचं दही

बाईने लावलेलं दही वाटी तिरपी केली तरी हलत नसे. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. नवरा गेल्यानंतर ती कोंढ्याचं सासर सोडून लाखांदूरला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा कपड्यांची पिशवी तिने एसटीत वर टाकली होती आणि मांडीवर मात्र एक स्टीलची डबी धरली होती. झाकणाला पोचा आलेली, वरून रुमालाने बांधलेली. आत सासरच्या घरचं विरजण होतं.

मी हसले. "लाखांदुरात दही भेटत नाही का, बाई?"

"दही भेटते," ती म्हणाली. "हे नाही भेटत."

त्या चमचाभर विरजणावर आमच्या घरात कितीतरी वर्षं दही लागत राहिलं. थंडीत ती वाटी आपल्या जुन्या लोकरी शालीत गुंडाळून तांदळाच्या कोठीत ठेवी. सकाळी मी चमचा घेऊन गेले की हात अडवायची. "थांब. आधी उद्याचं काढ, मंग आजचं खाय." उद्याचं म्हणजे पुढच्या विरजणापुरतं. ते छोट्या वाटीत बाजूला निघाल्याशिवाय दह्याला कोणी हात लावायचा नाही. बाईच्या स्वयंपाकघरात नियम असा हा एवढाच.

मी शाळेत मराठी शिकवत होते. सकाळचा माझा वेळ वर्तमानपत्रात आणि पुस्तकात जायचा, समोर काय ठेवलं आहे ते न बघता मी खात असे. डॉक्टरांनी माझ्या रक्तात साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा बाईने पुऱ्या आणि आलूपोहे बंद केले आणि मोबाइलवर नाश्ते पाहायला लागली. एक दिवस तिने मला हाक मारली. पडद्यावर कोणी मुलगी उंच ग्लासात दही, फळं आणि भाजलेलं धान्य थराथराने भरत होती.

"ह्या स्ट्रॉबेऱ्या मले लाखांदूरच्या बाजारात कोन आनून देईन?" बाई म्हणाली. "टमाटर टाकू का?"

टोमॅटो तिने टाकले नाहीत. शोकेसमधले सरबताचे काचेचे ग्लास काढले. ते फक्त पाहुण्यांसाठी होते आणि पाहुणे आमच्याकडे फार येत नसत. दही पातळ फडक्यात बांधून थोडं निथळू दिलं. तळाशी पेरूच्या बारीक फोडी, त्यावर दही, मग पपई, पुन्हा दही, आणि सगळ्यात वर कढईत कोरडे भाजलेले पोहे, जवस आणि चिमूटभर चारोळी. सीताफळाच्या दिवसांत बिया काढलेला गर. साखर नाहीच. काचेतून पांढरा, केशरी, पुन्हा पांढरा असे पट्टे दिसायचे आणि बाई ग्लास खिडकीकडे धरून ते सरळ आले का पाहायची, कपड्याचा काठ पाहावा तसे.

"लवकर खाय," ती म्हणायची. "तुहं वाचन होईपर्यंत पोहे गिल्ले होतेत अन् पपईनं दही कडू पडते. पुस्तक काही कडू नाही पडत."

मग मी पुस्तक मिटायचे. आम्ही समोरासमोर बसून खायचो. ती वरून खालपर्यंत चमचा सरळ घालून सगळे थर एकदम घ्यायची. मी एकेक थर संपवत जायचे. "पुस्तकासारखं पान-पान करून खाऊन राहिली," असं ती म्हणायची.

धानकापणीच्या दिवसांत एका सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. घर माणसांनी भरलं. आमच्यात मयत घरातून निघालं की शिजवलेलं अन्न आणि भरलेलं पाणी घरात ठेवत नाहीत. आमच्या चुलतभावाच्या बायकोने ते सगळं नीट केलं. रडत रडत माठ रिकामे केले, भांडी राखेने घासली. मी बाहेर बाईजवळ बसले होते. तेरवी झाल्यावर, पाहुणे आपापल्या गावी गेल्यावर, मी तांदळाची कोठी उघडली. तांदळावर शाल घडी करून ठेवलेली होती. वाटी मांडणीवर पालथी होती, लख्ख.

बाई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने लावलेलं दही त्या वाटीत होतं. उद्याचं काढायला त्या सकाळी कोणी नव्हतं. वहिनीला काय म्हणणार? रीतच तशी. मी आत असते तरी मला सुचलं असतं असं नाही.

तिथून मला एकाच गोष्टीची ओढ लागली. एकदा, फक्त एकदा, बाईचं दही खायचं. फोटो होते, साड्या होत्या, शालीला तिचा वास होता. पण ते सगळं तिचं असलेलं होतं, तिने केलेलं नव्हतं. मी पाकिटातलं दही आणलं. ग्लासात भरलं तर पपई तळाशी गेली आणि पोहे बुडाले; काचेत एकच गढूळ रंग दिसला. गरम दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून दही लागतं असं ऐकलं होतं, तेही केलं. लागलं, पण तार सुटली. शेजारच्या काकू बाईकडून नेहमी विरजण न्यायच्या. त्यांच्याकडे गेले.

"बाई होती तवा जपून कोन ठेवते?" त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. "सरलं का मांगून नेत होतो."

मग उरलं कोंढा. तिथे बाईची जाऊ राहते. बाई तिकडे जात नसे. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघींचं काही बिनसलं असेल असं धरून चालले. फोनवर चमचाभर दही मागणं मला जमेना. रविवारी पेरू घेतले, पवनीला गाडी बदलली आणि दुपारच्या आत पोचले.

जाऊबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांची मुलं मला मावशी म्हणतात म्हणून त्याही मावशीच म्हणतात. मला पाहून सूप खाली ठेवलं आणि गळ्यात पडून रडल्या. मग चहा झाला, जेवण झालं, धान किती झालं, कोणाच्या पोरीचं लग्न कुठे जमलं, सगळं झालं. इतक्या वर्षांनी आले ती दह्यासाठी, हे तोंडातून निघेना. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. त्या उठून आत गेल्या, देवाजवळ दिवा लावून आल्या, आणि तेव्हा कुठे मी म्हणाले, "ताई, थोडं विरजण द्याल का? बाई नेत होती ते."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आता? दिवा लागला ना, माय! दिवा लागल्यावर विरजन उंबऱ्याबाहेर नाही जात. दिवसभर काहून मूग गिळून बसली होती, मावशी?"

"लाज वाटत होती."

"दह्याची लाज! मास्तरीन हाय म्हन्ते." त्या हसल्या. "आता राहा. सकाळी नेजो."

मी राहिले. सकाळी जाऊबाईंनी चुलीजवळून दह्याचा गंज आणला, झाकण काढलं आणि तिरपा केला. दही हललं नाही. मी नुसती बघत राहिले.

"काय पाहून राहिली? तुमचंच हाय." त्या माझ्याशेजारी टेकल्या. "इथलं केव्हाच तुटलं. एका उन्हाळ्यात म्हैस आटली अन् लग्नाच्या गडबडीत कोनी लावलंच नाही. मी तुह्या बाईले फोन केला. लाजत नाही केला," असं म्हणून त्यांनी मला कोपर मारलं. "बाजाराले आलेल्या मानसाजवळ पाठवलं तिनं दुसऱ्याच दिवशी. वरून सांगते कशी, ‘आता तोडू नका, मी काही रोज-रोज नाही पाठवनार.’"

त्या उठल्या, फळीवरून काहीतरी काढून पदराने पुसलं. झाकणाला पोचा आलेली स्टीलची डबी. आत रुमाल घडी करून ठेवलेला.

"डबी वापस पाठवतो म्हटलं तर नाही म्हने. म्हने, राहू द्या तिथंच, येईन तवा नेईन."

त्यांनी डबी भरली, मी रुमाल बांधला. मग त्यांनी विचारलं, बाई तिकडे या दह्याचं काय करायची. मी पेरू चिरले, पोहे चुलीवर भाजून घेतले. काचेचे ग्लास नव्हते, स्टीलचे पेले होते, त्यामुळे थर दिसले नाहीत. जाऊबाईंनी पेल्यात वरून डोकावून पाहिलं. "हा तं गोपालकाला हाय, थराथरानं लावलेला." मग चमचा सरळ खालपर्यंत घातला आणि सगळं एकदम घेतलं. बाईसारखंच. त्या घरात तसंच खात असतील.

मी तिथे खाल्लं नाही. भूक नाही म्हणाले. मला ते आमच्या घरी, आमच्या ग्लासात खायचं होतं.

परत येताना डबी मांडीवर होती. पवनीला गाडीत गर्दी झाली तेव्हा शेजारी बसलेल्या एकीने विचारलं, प्रसाद आहे का. मी नाही म्हणाले, दही आहे. तिने अशी नजर टाकली की लाखांदुरात दही भेटत नाही का.

घरी आल्यावर दूध कोमट करून विरजण लावलं, वाटी शालीत गुंडाळली आणि कोठीत ठेवली. सकाळी उठून पहिल्यांदा कोठी उघडली. शाल सोडली. वाटी तिरपी करायला हात धजेना, मग केली. हललं नाही.

पेरू चिरून ठेवला होता, पपईही. पोहे गार झाले होते. पुस्तक मी आतल्या खोलीतच ठेवून आले होते. चमचा हातात घेतला आणि जिभेवर ठेवणार तोच थांबले. मांडणीवरून छोटी वाटी काढली.

आधी उद्याचं काढलं.