ताटावरचा आडवा हात

पंगतीत नुसत्या तोंडी ‘नको’ला कोणी जुमानत नाही. ताटावर हात आडवा धरला, तरच वाढपी थांबतो. परवा भाच्याच्या मुंजीत माझी मावसबहीण सुमा माझ्या शेजारी जेवायला बसली होती. तिचा डावा हात पदराखाली होता. सोरायसिसनं तो मनगटापासून बोटांपर्यंत लाल झालाय, वर पांढरे पापुद्रे.

वांगं, लोणचं, तळलेलं तिनं कधीच सोडलंय. डॉक्टर म्हणतात, पथ्यानं हा आजार जात नाही, पण कुणाकुणाला उतार पडतो. आपल्याला काय बाधतं, ते सुमानं एकेक पदार्थ सोडून बघत स्वतःच शोधलं. जिभेचं एवढं सगळं देऊन मिळतं काय, तर एखादी रात्र न खाजवता.

“घ्या हो ताई, शुभकार्यात कसलं पथ्य,” म्हणत वाढप्यानं भरलं वांगं पुढे केलं.

“नको, मला खरंच चालत नाही.”

“एकच घ्या.”

आग्रहाला आपण माया म्हणतो. खाणाऱ्याचं अंग काय सोसतं, हे त्या मायेला विचारावंसं वाटत नाही.

शेवटी सुमानं पदराखालचा हात काढून ताटावर आडवा धरला. वांग्याचा डाव तसाच अधांतरी राहिला. वाढप्यानं त्या हाताकडे पाहिलं आणि तो पुढे सरकला.

मग भात पुन्हा फिरला, वरण फिरलं. हे तिला चालतं. हात तिनं केव्हाच पदराखाली घेतला होता. पण तिच्या ताटापाशी कोणी थांबलं नाही.