खालच्या कोपऱ्यातला चौकोन

शेवटची दोन वर्षं माझा नवरा माझ्या आवाजात बोलला.

मी चौथीपर्यंत शिकले. यंत्रातलं जेवढं कळलं तेवढंच लिहिते. नवऱ्याला मी मालक म्हणायची. मालक सातपूरला कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ गेली. समजायचं सगळं, बोलता येईना. मुलाने टॅब आणला आणि त्यात एक ॲप विकत घेऊन घातलं. पडद्यावर चित्रांचे चौकोन. कपाच्या चित्रावर बोट ठेवलं की आतली बाई बोलायची, "मला चहा हवा आहे." बातम्या सांगितल्यासारखी. मालकांनी डाव्या हाताने टॅब ढकलून दिला.

मग सुनेने युक्ती काढली. त्या बाईच्या जागी माझा आवाज भरायचा आणि फोटो आमच्या घरातले लावायचे. मालक वस्तू दाखवायचे, मी शब्द बोलायची, पसंत पडला तर ते मान हलवायचे. भाकरी. पंखा. मोरीत न्या. टीव्ही बंद. एकदा त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या कपाळावर ठोकलं. "तुला अक्कल नाही," असा चौकोन हवा होता. तोही मीच बोलून दिला. त्यानंतर दिवसभर मी स्वतःच्याच आवाजात शिव्या खायची. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "ताई, आज कोणाशी भांडताय? एकट्याच की काय?"

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. पाने, कानशी, मालकांचा मायक्रोमीटर, सगळं पुसून पाटावर मांडायचं. त्या वर्षी मालकांनी आधी टॅबकडे बोट दाखवलं, मग पाटाकडे. बरोबरच होतं. आता त्यांचं हत्यार तेच. सुनेने टॅब मांडला, हळदकुंकू वाहिलं. पाणी शिंपडायचा मान मालकांचा. फुलाने दोन थेंब उडवायचे, तर डाव्या हाताचा धक्का लागला आणि तांब्याच टॅबवर कलंडला. पुसला, उन्हात ठेवला, तांदळाच्या डब्यात पुरला. उठला नाही.

मला वाटलं, आता ॲपही गेलं. मुलाच्या वर्कशॉपमधला प्रकार माहीत होता. तिथे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर चालायचं, मागे पेनड्राइव्हसारखी लायसनची चावी खोचलेली. तो कॉम्प्युटर चावीसकट जळाला तेव्हा नव्यावर चालू करायला अर्ज, फोन, विनवण्या. काम तोवर बंद.

मुलगा म्हणाला, "आई, ह्याचं तसं नाही. ॲप टॅबच्या नावावर नसतं, माझ्या खात्यावर असतं. दुसऱ्या टॅबवर खातं उघडलं की आपोआप उतरतं. पुन्हा घ्यावं लागत नाही."

"टॅब मेला तरी?"

"टॅब मेला तरी."

दिवाळीच्या आधी वर्कशॉपला कामाची घाई असते, म्हणून नवा टॅब दिवाळीनंतर आला. तोवर मालक गप्प. मुलाने खातं उघडलं, आणि चहा उकळायच्या आत ॲप उतरलं. कोणी अर्ज मागितला नाही, चावी मागितली नाही. मालक खुर्चीत पुढे सरकून बसले होते. मुलाने ॲप उघडलं. पावाचा तुकडा, कुठला तरी परदेशी कप आणि तीच बातम्यांची बाई.

"आपलं कुठंय?" मी विचारलं.

मुलगा बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "ॲप खात्यावर होतं. आवाज अन् फोटो टॅबमध्येच होते. ते वेगळे जपायला लागतात. मला वाटलं तेही येतील."

आम्ही परत भरायला बसलो. कुठे काय होतं ते मालकांना माहीत होतं, पण सांगायला तेच चौकोन हवे होते. ते चित्रं कधी बघायचेच नाहीत. कारखान्यात कुठला पाना कुठल्या खिळ्याला, ते न बघता हात घालायचे, तसंच बोट जागेवर जायचं. आठवलं तेवढं आम्ही त्या त्या जागी भरलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात काय होतं ते मात्र कोणालाच आठवेना. मालक तिथे बोट ठेवायचे. रिकामं.

"पाणी का? चादर? उशी?" मान आडवी.

जेवताना जास्तच. मी पेज भरवत असायची आणि ते त्या रिकाम्या कोपऱ्यावर टकटक करायचे. मला वाटायचं, सवय. मी म्हणायची, "खा गपचूप," आणि चमचा तोंडात सारायची. कधी कधी पेज हनुवटीवरून खाली यायची.

शिमग्यानंतर दुसरा झटका आला. जवळच्या दवाखान्यात नाकातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात हलवा, श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल. मुलगा गाडी ठरवायला उठला. नर्स नळीतून दूध सोडत होती आणि मालकांचं डावं बोट चादरीवर हलत होतं. खाली, डावीकडे. परत तिथेच. तेव्हा मला आठवलं. झाकलेल्या ताटाचा फोटो होता. पाहुणे फार वेळ बसले, मी जास्तीची भाकरी वाढली, की मालक तो दाबायचे आणि माझा आवाज म्हणायचा, "पुरे."

मी मुलाला म्हटलं, "तुझे अण्णा पुरे म्हणतायत."

"आई, ते शुद्धीत नाहीत. बोट नुसतं हलतंय."

"नुसतं हलणारं बोट परत परत एकाच जागी जात नाही."

"हे तू म्हणतेयस."

"ते माझ्याच आवाजात बोलतात," मी म्हटलं.

मुलगा डॉक्टरांकडे गेला, मोठ्या दवाखान्यात नेत नाही म्हणाला. आम्ही मालकांना घरी आणलं. मी नळीतून काही सोडलं नाही, नुसते ओठ ओले करत राहिले. त्याच आठवड्यात गेले.

यंदा मुलाने नवा फोन घेतला. खात्यावरचं सगळं त्यात आलं, मालकांचं ॲपही. पावाचा तुकडा, परदेशी कप.

"काढून टाकू का?" त्याने विचारलं. "काढलं तरी खात्यावर राहतंच."

"राहू दे," मी म्हटलं. "माझ्यावर वेळ आली की लागेल. पुरेचा चौकोन सगळ्यात आधी कर. आवाज तुझा भर."

त्याने फोन खिशात टाकला. अजून भरलेला नाही.