दुपट्ट्याखालचं ‘आपन’

झनकलाल गेल्याची बातमी मला तिरोड्याच्या बैलबाजारात कळली. भर दुपारी, एका पांढऱ्या गोऱ्ह्याचा जबडा उघडून मी त्याचे दात मोजत होतो. केशोरीकडचा एक ओळखीचा गाडीवान शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “डोमाजी, तुमचा झनकलाल गेला जी. सोमवारी.” मी गोऱ्ह्याचं तोंड सोडलं नाही. म्हणालो, “माझा कायचा? अकरा वर्सं झाली, तो माझा कोनी नाई.” गाडीवान बावरला. “मंग कोनाचा म्हनू जी?” एवढंच पुटपुटला आणि गर्दीत मिसळला. मी गोऱ्ह्याच्या मालकाला सांगितलं, चार दात. खरं तर सहा होते. तीस वर्षं हा धंदा करतो आहे, दात मोजायला त्या दिवशी पहिल्यांदा चुकलो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, असं म्हणतात. मला ते जमणार नाही. खोड असलेला बैल मी खोड सांगूनच विकला, म्हणून आजवर टिकलो. झनकलालची खोडही सांगीन... आणि माझी सांगायची वेळ आली तर तीही.

मी कुणबी, तो पोवार. गाव सोडून गोंदियाला आलो तेव्हा अंगावरच्या धोतराशिवाय माझ्याकडे काही नव्हतं, आणि त्याच्याकडेही फार नव्हतं. आमची गाठ पडली सालेकशाच्या बाजारात. कचारगडाच्या पायथ्याचा एक म्हातारा गोंड शेतकरी तांबड्या बैलांची जोडी घेऊन उभा होता. जोडी मला हवी होती, यालाही हवी होती. म्हाताऱ्याला ना माझी मराठी कळे, ना याची पोवारी. मग मी आवाज चढवला, यानं माझ्यावर चढवला, जणू मोठ्यानं बोललं की भाषाच बदलते. शेवटी म्हाताऱ्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोन्ही हातांवर पसरला आणि त्याखालून एक हात मला दिला, दुसरा त्याला. बैलबाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, किती बोटं दाबली त्यावरून आकडा ओळखायचा, तोंडानं काही बोलायचं नाही. आम्ही दोघांनी बोटं दाबली. म्हातारा खो खो हसायला लागला... आमचा आकडा एकच निघाला होता. त्यानं दोघांकडून निम्मे निम्मे पैसे घेतले, एक कासरा माझ्या हाती दिला, दुसरा झनकलालच्या, आणि तो चालता झाला.

आता एकेक बैल घेऊन करायचं काय? जन्मापासून एका जुवाला चाललेली जोडी. माझा बैल त्याच्या बैलाशिवाय पाऊल उचलेना. मी शेपटी पिळली, शिव्या दिल्या. झनकलाल रस्त्याच्या कडेला बसून हसत होता. “कायले मारून राहिला गा? त्याले कळते, तुलेच कळत नाई,” तो म्हणाला. मग गोंदियापर्यंतचा सारा रस्ता आम्ही शेजारी शेजारी चाललो. वाटेत त्यानं शिदोरीतला चिवडा माझ्यापुढे धरला. मी घ्यावा की नाही, अशा विचारात असताना तोच म्हणाला, “आपन दोघं मिळून विकू जोडी.”

आपन. हा शब्द नीट सांगायला हवा, कारण माझं सारं गाऱ्हाणं त्यातच आहे. गोंदियाच्या ठेसनावर हिंदी बोलणाऱ्यांचं एका ‘हम’मध्ये भागतं. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. झनकलालच्या घरी पोवारी बोलत, त्याची मराठी अशीतशीच होती, पण हा फरक त्याला माझ्याहून बरा कळे. पुढची चौदा वर्षं तो माझ्याशी ‘आपन’ सोडून बोलला नाही. आपन जाऊ, आपन पाहू, आपन फसलो. माझ्या एकट्याच्या चुकीनं लंगडा बैल गळ्यात पडला तेव्हाही म्हणाला, “आपन फसलो गा.”

आमच्या मुलखात पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न येतो... कोन गावचा, कोनाचा? कुणब्या-कोहळ्यांच्या ओसरीवर मी पुढे बोलायचो, पोवारांच्या गावात तो. ज्या जातीवरून लोक एकमेकांच्या आडाचं पाणी पीत नाहीत, तिच्यावरच आमचा धंदा चालला. तो म्हणायचा, “लोकायले आपला मानूस पायजे, डोमा. आपन दोघं मिळून समद्यायचे आपले!” सौदा अवघड झाला की आम्ही दोघं आपसात दुपट्ट्याखाली हात घालायचो. त्यानं अंगठा माझ्या तळव्याच्या मधोमध दाबला की समजायचं, आपन घेऊ. ही खूण आम्हा दोघांचीच होती. इतर कुठल्या बाजारात तिला अर्थ नव्हता.

मग त्याच्या जातीच्या लोकांनी गोंदियात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी वसतिगृह बांधायला काढलं. त्या काळी प्रत्येक जातीची सभा भरत होती, आमचीही भरायची. चांगलंच काम होतं. झनकलाल त्यात पुढे होता आणि मलाही त्याचा उत्साह चढला. आढ्यासाठी सागाचं एक सरळ लाकूड मी स्वतः जंगलात हिंडून निवडलं, गाडीवर घालून सभेच्या मांडवापाशी नेलं. चारशे डोळे माझ्याकडे वळले. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “हे कोन?” झनकलाल उठला. मला वाटलं, आता म्हणेल, मोरो भाऊ आय, माझा भाऊ आहे. तो माझ्याजवळ आला, खाली पाहत म्हणाला, “डोमा, लाकूड वापस ने गा. हे आमचं काम हाय. आमी पाहून घेऊ.”

आमी.

मी तिथल्या तिथे बैल वळवले. त्याच आठवड्यात धंदा वेगळा केला. चार माणसं समजवायला आली, त्यांना दारातून हाकललं. झनकलाल स्वतः दोनदा आला, मी गोठ्यातून बाहेर पडलो नाही. ते लाकूड आज माझ्या गोठ्याच्या आढ्याला आहे. रोज वर पाहिलं की आग व्हायची... ती मी अकरा वर्षं विझू दिली नाही.

शेवटची भेट यंदाच्या माघातली. तिरोड्याच्याच बाजारात विकणाऱ्यानं मला दलाल धरलं आणि घेणाऱ्यानं त्याला, दोघांपैकी कोणालाही आमचं ठाऊक नव्हतं. झनकलाल वाळला होता, खोकत होता. त्यानं दुपट्टा पसरला आणि खालून हात पुढे केला. मी हात दिला. त्यानं माझी बोटं दाबली नाहीत. अंगठा माझ्या तळव्याच्या मधोमध ठेवला, दाबला आणि तसाच धरून राहिला. माझ्या डोळ्यांकडे पाहत होता. हाताची नुसती हाडं लागत होती, पण अंगठ्यात जोर होता.

मी हात काढून घेतला आणि सगळ्यांच्या देखत भाव तोंडानं बोललो.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना हे कळायचं नाही. दुपट्टा पसरलेला असताना आकडा मोठ्यानं बोलणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. झनकलालनं दुपट्टा झटकला, शांतपणे घडी घातली, खांद्यावर टाकला. “बरं गा,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

तेरावं झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर गाऱ्हाणं बांधूनच नेलं होतं. सुगनबाईंनी, त्याच्या बायकोनं, पाणी दिलं. मी दुखवट्याचे दोन शब्द बोललो आणि मग राहवलं नाही. वसतिगृहाची गोष्ट काढली. म्हणालो, “वहिनी, चौदा वर्सं आपन म्हटलं त्यानं, अन् दोनशे मानसांत आमी म्हटलं. काऊन?”

त्यांनी तांदळाचं सूप जवळ ओढलं, दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाल्या, “डोमाभाऊ, तुमच्या पोरीच्या, यमुनेच्या लग्नात आमी दोघं आलो होतो. आठवते?”

“आठवते तर.”

“हे तुमच्या पंगतीत बसाले गेले. तुमी यांचा हात धरून उठवलं. म्हटलं, झनकलाल, आमची पंगत उठू दे, मंग तुमी बसा.”

मला आठवेना. खरोखर आठवेना! आमच्याकडे तशीच रीत होती, तिच्यात लक्षात ठेवण्यासारखं मला काही वाटलंच नसावं. मी विचारलं, “मंग? घरी येऊन काय म्हनला?”

“काय म्हनतीन? हसले. म्हने, आपल्या डोमाच्या घरची कढी थंडी पन चांगली लागते.”

तिथून कसा उठलो ते ठाऊक नाही. ते लग्न वसतिगृहाच्या सभेच्या चार वर्षं आधीचं. म्हणजे थंड कढी पिऊनही तो चार वर्षं मला ‘आपन’च म्हणत राहिला. मी एक शब्द ऐकला आणि गाडी वळवली. तरीही सांगतो, त्या दिवशी मांडवात त्यानं तसं बोलायला नको होतं. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं असतं, भांडलो असतो. तो म्हणाला असता, आपन दोघंही चुकलो गा. एवढ्यासाठीच तर अंगठा दाबून उभा होता...

परवा बाजारात छत्तीसगडकडच्या एका अनोळखी व्यापाऱ्याशी सौदा होता. दुपट्ट्याखाली बोटं दाबली, भाव पटला. हात काढायचा, तर माझा अंगठा त्याच्या तळव्याच्या मधोमध रुतलेला. व्यापारी गोंधळला. बोटं मोजल्यासारखी हलवत म्हणाला, “ये कितना हुआ, सेठ?”

मी म्हणालो, “कुछ नहीं. ये भाव नहीं है.”