काकूंच्या अंगणातला आड

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी शिक्षिका झाले. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. माझ्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आईवडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि तिथं मिळणारी सुकडी खाऊन मी शाळेत जात होते. नोकरी लागल्यावर वडील माझ्याबरोबर लातूरला आले, रस्त्यावर उभं राहून शाळेची इमारत डोळे भरून पाहिली आणि परतीच्या एसटीनं गावी गेले.

नव्या जिल्ह्यामुळं शहरात नोकरदारांची गर्दी झाली होती. खोली मिळणं मुश्किल. शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीनं मला एक मिळाली, त्यामुळं फारशी चौकशी झाली नाही. घरमालकीण पन्नाशीच्या, विधवा. मुलाचं पेठेत दुकान. मी त्यांना काकू म्हणायची. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि नळाचा भरवसा नव्हता, पण अंगणात आड होता. मला शाळेची घाई असते म्हणून काकू सकाळी मला आधी पाणी शेंदू द्यायच्या. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतावरून माझ्यासाठी भज्जी आणि आंबील आणली. समोर बसून खायला लावली.

पुढं सव्वीस जानेवारीला वडील माझ्या शाळेतलं झेंडावंदन बघायला आले. आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात उभं राहून, गावात म्हणायचे तसंच मोकळ्या आवाजात म्हणाले, "जय भीम, माय."

काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, सूप उचललं आणि आत गेल्या.

झेंडावंदनाला वडील मागच्या भिंतीला टेकून उभे होते. मुलांबरोबर राष्ट्रगीत म्हणताना त्यांचे ओठ हलत होते. दुपारी ते गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर दोर नव्हता, पोहराही नव्हता.

पाणी आटलंय, असं काकूंच्या मुलानं सांगितलं. शेजारच्या खोलीतले बिऱ्हाडकरू मात्र मी शाळेला निघाले की पाणी शेंदायचे. रहाटाचा आवाज मला कोपऱ्यापर्यंत ऐकू यायचा. दोन-तीन दिवस मी तो ऐकत शाळेला गेले. मग काकूंसमोर जाऊन उभी राहिले.

"काकू, पाणी फक्त माझ्यापुरतंच आटलंय का?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "बाई, तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घरात मी एकटी नाही."

रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्या हळू, जवळजवळ विनवल्यासारखं बोलल्या. मी गल्लीच्या तोंडाशी येणाऱ्या टँकरवर जाऊ लागले. त्या आठवड्यात मी चौथीला समानतेचा धडा शिकवत होते. मुलं मोठ्यानं माझ्यामागं म्हणत होती.

उन्हाळ्यात आड खरोखरच आटला. मग काकूही टँकरच्या रांगेत आल्या. एकदा त्या माझ्या मागंच होत्या. भरलेली घागर त्यांना उचलेना, म्हणून मी हात दिला. त्यांनी देऊ दिला. घरी आल्यावर मी खिडकीतून पाहिलं, तर दुष्काळात इतक्या कष्टानं आणलेलं ते पाणी त्यांनी अंगणाबाहेर ओतून टाकलं होतं आणि रिकामी घागर राखेनं घासत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता. रोजचं एखादं काम उरकावं तसं चाललं होतं.

परीक्षा संपल्यावर मी खोली सोडली. शहराबाहेर नवी वस्ती होत होती. तिथं आमच्याच समाजाची नोकरदार माणसं राहत होती. सुट्टीत गावी गेल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. ते बाजेवर बसून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्या हळू म्हणायला पायजे होतं का?"

"न्हाई," मी म्हणाले. त्यांना ते पटलं की नाही, मला कधीच कळलं नाही. त्यानंतर माझ्याकडं आले की ते आधी आजूबाजूला बघायचे.

त्याच नव्या वस्तीत पुढं मी घर बांधलं. नळ आला, मुलगी इंजिनियर झाली. परवा तिचा पुण्याहून फोन आला. घर पसंत पडलं होतं, बोलणंही झालं होतं. मग मालकानं आडनाव विचारलं, आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं.

"आई, मी दुसरं बघतेय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.