सासरेबुवांची ऊब

शिंपीदादांचा आणि त्या जुन्या जीपचा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. जीप बायकोच्या माहेरची. सासरे डोंगरात रस्त्यांची मोजणी करायचे. त्यांनी उभ्या आयुष्यात तिची किल्ली कुणाच्या हाती दिली नाही, आणि शेवटी दिली ती लेकीला, जावयाला नव्हे. तेव्हापासून दादा जीपलाच सासरेबुवा म्हणत. सकाळी चालू करताना ती सासऱ्यांसारखीच खाकरायची, तशीच गुरगुरायची आणि दादा जवळ येऊन उभे राहिले की हमखास बंद पडायची. दादांना गाडी चालवता येत नव्हती. वळणावळणाच्या रस्त्यावर त्यांच्या पोटात ढवळायचं, त्यामुळे अगदीच गळ्याशी आलं तर ते तिच्यात बसत, तेही डोळे मिटून.

बायको मात्र तिच्यावर जीव टाकायची. ती सुईण होती, रीतसर शिकलेली. सगळे तिला नर्सबाई म्हणत. वरच्या वस्त्यांवरून निरोप आला की ती पिशवी उचलायची आणि दुसऱ्या गाड्या जिथे का-कू करतात तिथे सासरेबुवा तिला मुकाट्याने घेऊन जायचे.

त्या हिवाळ्यात जीपच्या हीटरचा पंखा बंद पडला. इंजिनाचं गरम पाणी हीटरच्या पेटीपर्यंत यायचं, पण तिथली ऊब पुढे ढकलणारी मोटारच मुकी झाली होती. गॅरेजच्या मिस्त्रीने वाकून पाहिलं, मान हलवली आणि हा भाग आता कुठे मिळत नाही म्हणून सांगितलं. बाईंनी जाड हातमोजे घालावेत, असं वर सुचवलं. बाईंनी ते घालून पाहिले. गिअर टाकताना हात सटकायला लागला तसे काढून ठेवले.

एका दुपारी ती वरून परत आली आणि कोटही न काढता गरम पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसली. दादांनी चहा पुढे ठेवला तेव्हा म्हणाली, "आज ती पोरगी माझ्या हाताला दचकली हो. पहिलटकरीण, आधीच घाबरलेली, आणि मी बर्फासारखा हात तिच्या पोटावर ठेवला."

एवढंच. पण त्यानंतर दादांचं मशीनवर लक्ष लागेना. एका सदऱ्याची बाही त्यांनी चक्क उलटी जोडली. ती उसवता उसवता त्यांनी मनाशी ठरवलं, आणि पुढच्या सुट्टीच्या सकाळी, बायको केस वाळवत बसलेली असताना, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते सासरेबुवांच्या पुढ्यात गेले.

डॅशबोर्डखाली उताणं झोपून त्यांनी मोटार धरून ठेवणारी तबकडी सोडवली. मोटार पंख्यासकट बाहेर आली आणि पाठोपाठ दादांच्या तोंडावर चिंध्यांचा ढीग कोसळला. उंदराचं घरटं. दादा थू थू करत उठून बसले आणि एकेक चिंधी उलटून पाहू लागले. दुकानात कापून उरलेले तुकडे होते ते: कुणाच्या कोटाचं अस्तर, शाळेच्या गणवेशाचा निळा काठ, बायकोच्या हिरव्या स्वेटरची लोकर. जीप दुकानाच्या भिंतीला लागून उभी राहायची. उंदराने दादांच्याच मालावर संसार थाटला होता. पंखा त्यात अडकला, मोटार जोर लावत राहिली आणि आतून जळून गेली. म्हणजे निम्मा गुन्हा आपलाच, असं दादांना वाटलं आणि त्यांचे कान गरम झाले.

तेवढ्यात निरोप आला. वरच्या वस्तीतल्या सुताराच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. बाई ओल्या केसांवर रुमाल बांधून बाहेर आली तर जीपचं पोट फाडलेलं, तारा लोंबताहेत आणि नवरा हातात मोटार घेऊन उभा. ती चिडली नाही. "चालेल ना ही?" एवढंच विचारलं.

गाडीला काही झालं नव्हतं, पण तारा एकमेकींना लागल्या असत्या तर पंचाईत होती. दादांनी त्यांना दुकानातली कापडी पट्टी गुंडाळली, आणि वाटेत ती सुटली तर काय, म्हणून जीव मुठीत धरून स्वतःच शेजारी बसले.

चढाला लागल्यावर उघड्या भोकातून गार वारा थेट गुडघ्यांवर यायला लागला. दादांनी आधी डोळे मिटले, मग उघडले. बायकोची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. सपाट रस्ता लागला की ती एक हात सोडायची. दादा तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळायचे. चढ आला की परत द्यायचे. मग दुसरा. सुताराच्या दारात गाडी थांबली तेव्हा दादांच्या लक्षात आलं, की आज आपल्या पोटात ढवळलंच नाही.

सुताराने त्यांना बाहेर लाकडाच्या ढिगाऱ्यावर बसवलं. आतून सुनेचं कण्हणं ऐकू येई आणि त्यावर बायकोचा आवाज. घरात कधी न ऐकलेला, शांत, जरासा हुकमी. इतकी वर्षं ती जाते कुठे आणि करते काय हे दादांना ठाऊक होतं, पण ऐकलं ते त्या दिवशी. बाळ रडलं तेव्हा सुताराच्या आधी त्यांचेच डोळे भरून आले. त्यांनी सुताराला सांगितलं, भुसा गेला डोळ्यात.

दुसऱ्या दिवशी दादांनी दुकान बंद ठेवलं. पंख्याच्या जळलेल्या मोटारीच्या बैठकीचा, म्हणजे त्या तबकडीचा, पुठ्ठ्यावर नमुना कापला, जसा कॉलरचा कापतात तसा, आणि तो घेऊन भंगारवाल्याकडे गेले. तिथे एका मोडक्या व्हॅनच्या हीटरची मोटार सापडली. ताकद तेवढीच, बैठकही जुळत होती. फक्त दांडा बारीक होता, त्यावर जुना पंखा सैल बसत होता. तिथे मिस्त्री कामी आला. त्याने आपल्या लेथवर पितळेची छोटी नळी करून दिली, आणि उत्सुकता आवरेना म्हणून ती बसवायला स्वतःही आला.

मोटार बसली, बटण दाबलं. आवाज झकास, पण वारा अगदीच मरतुकडा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्रीने पंख्याला कान लावला आणि हसायला लागला. पंखा उलटा फिरत होता. दादांना ती उलटी बाही आठवली. त्यांनी दोन तारांची अदलाबदल केली. पुन्हा बटण दाबलं, तशी धूळ, वाळकी पानं आणि उरल्यासुरल्या चिंध्या दोघांच्या तोंडावर उडाल्या आणि मागोमाग गरम हवेचा झोत आला.

बाईंनी झडपेसमोर हात धरले. धरूनच ठेवले. मग तिने नवऱ्याच्या मिशीत अडकलेलं लोकरीचं सूत काढलं आणि आत निघून गेली. मिस्त्री होता म्हणून. नाहीतर काहीतरी बोलली असती, असं दादांना आजही वाटतं.

पुढच्या खेपेला ती पिशवी घेऊन निघाली, तर दादा कोट चढवून आधीच जीपमध्ये बसलेले.

"आता तर हीटर चालू झालाय. तुम्ही कशाला?"

"नवी मोटार आहे," दादा समोर बघत म्हणाले. "चालताना आवाज कसा करते, ते ऐकायला नको?"

तिने मान हलवली आणि किल्ली फिरवली.