बिराजदार सरांच्या बाजूचं स्टूल

बिराजदार सर कुणाचाही स्वाध्याय एकट्यानं तपासायचे नाहीत. ज्याचा स्वाध्याय, त्याला शेजारच्या लाकडी स्टुलावर बसवायचे आणि मगच पेनचं टोपण काढायचे. मुदखेडच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे आणि मीही तिथंच शिकवायचे, शिवाय परीक्षा विभाग सांभाळायचे. म्हणजे गुणांसाठी त्यांच्या मागे लागायचं काम माझं.

मूळचे उदगीरचे. कपाळावर विभूती, आवाज खर्जातला, आणि घाई हा प्रकारच अंगात नाही. एकेका पोराला अर्धा तास! "हे बघ माय, पाऊस इथं का पडंना? डोंगर कुठं दाखिवलास तू?" पोरगी डोंगर काढणार, मग सर पुढची ओळ वाचणार. मी दारातून ओरडायचे, "सर, गुण!"

"वाचायलोय की मॅडम. लेकरानं लिव्हलंय, त्याच्या माघारी वाचायचं म्हंजे चोरून वाचल्यासारखं होतंय."

डोकं फिरायचं माझं. आणि खरं सांगते, हेवाही वाटायचा. माझ्या विषयाचे गठ्ठे मी चहा पिता पिता उरकत होते.

पूर्वी हे खपून जायचं. गुण उशिरा गेले तर प्राचार्यांचं एक पत्र जोडायचं, की झालं. मग सगळं विद्यापीठाच्या पोर्टलवर आलं. ठरलेल्या तारखेच्या आत गुण भरायचे, तारीख संपली की पान बंद. रकाना रिकामा राहिला तर विद्यार्थी गैरहजर, मग त्यानं स्वाध्याय वेळेत का दिलेला असेना.

भाग्यश्रीनं वेळेतच दिला होता. भोकरची मुलगी, बीएच्या शेवटच्या वर्षाला. बीएड करून शिक्षिका व्हायचं एवढंच तिच्या डोक्यात. नेमकी तिची आई नांदेडला दवाखान्यात, त्यामुळे तिला स्टुलावर येऊन बसता येईना. बाकी सगळ्यांचे गुण भरून झाले, तिचा स्वाध्याय सरांच्या ड्रॉवरमध्ये. मी अक्षरशः हात जोडले. "सर, एवढा एक तसाच तपासा हो!"

"यायलीय की ती. उद्या येते म्हणलीय फोनवर."

ती आली. पण पान आदल्या संध्याकाळीच बंद झालं होतं.

सर आणि मी विद्यापीठात गेलो. तिथला कारकून सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. वाकून पाया पडला, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "सर, माझ्या हातात असतं तर आत्ता उघडलं असतं. वरूनच बंद होतंय ते. साहेबांनाबी उघडंना." साहेबही भले माणूस. त्यांनी फोन लावले, अर्ज घेतला, हळहळले. सगळे हळहळत होते आणि कुणालाच काही करता येत नव्हतं. कुणी तोडून बोललं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं! परतीच्या गाडीत सर एवढंच म्हणाले, "लेकरू हजर होतं की हो."

भाग्यश्री नापास. बीएडचं ते वर्ष गेलं. सरांना ती एक शब्द बोलली नाही, आणि तेच त्यांना सोसलं नाही.

पुढच्या वर्षी तिनं स्वाध्याय नव्यानं लिहून दिला. त्या वर्षी सरांचे गुण सगळ्यांच्या आधी भरून आले. स्टूल भिंतीला लावलेलं, दारात रांग नाही. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी सरांचं कौतुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर खाली मान घालून बसले होते. मला मेलीला तेव्हा रडूच आलं.

दोन दिवसांनी भाग्यश्री आली. सरांनी लगबगीनं स्टूल ओढलं. "बस माय. मार्क टाकलेत तुझे, पैकीच्या पैकी. आता निवांत वाचू. मी अजून उघडून बघितलं न्हाई."

"टाकलेत ना सर? पोर्टलवर दिसायलेत ना?" तिनं तीनदा विचारलं. मी तिला स्क्रीनवर दाखवले तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मग ती सरांच्या पाया पडली. "येते सर, गाडी चुकंल माझी." आणि गेली. तिचं तरी काय चुकलं?

सरांनी स्टूल पुन्हा भिंतीला सरकवलं. मग पेनचं टोपण काढून त्यांनी एकट्यानंच तो स्वाध्याय पहिल्या पानापासून वाचायला घेतला. नकाशापाशी पेन थांबलं.

"मॅडम, मांजरा नेऊन भीमेला मिळिवलीय हो पोरीनं. गोदावरीला मिळती ती." ते उठून खिडकीशी गेले. फाटकापाशी ती कुठे दिसते का बघत होते. "उद्या हेच शिकवंल हो ती लेकरांना."

त्या महिनाअखेरीस सर निवृत्त होऊन उदगीरला गेले. भाग्यश्रीला बीएडला प्रवेश मिळाला.