खिडकीतून आलेला फोन

गाडीची काच अर्धीच खाली आली. तेवढ्या फटीतून एक हात बाहेर आला. हातात फोन होता.

"घ्या. बोला."

मी घेतला. अंगात पांढरा शर्ट, खाली खाकी पँट, छातीवर नावाची पट्टी. वाहतूक शाखेची शिपाई, भरतीला वर्षही झालेलं नव्हतं. दुसऱ्याचा फोन कानाला लावून मी शनिवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी सावधान उभी राहिले. समोर कोणी अधिकारी नव्हता, पण पलीकडे साहेब होते.

"कोण तू? नवीन का?"

"हो, सर."

"माणसं बघून हात दाखवत जा. सोड त्यांना. आणि माफी माग. फोन चालूच ठेव, मला ऐकू आलं पाहिजे."

मी काचेच्या फटीकडे तोंड करून म्हणाले, "माफ करा, सर."

"मोठ्यानं," फोनमधून आवाज आला.

मी मोठ्यानं म्हणाले. मागे दुचाक्या तुंबल्या होत्या. ओढणीनं तोंड बांधलेल्या कॉलेजच्या मुली, गॅसच्या टाक्यांची हातगाडी, बँकेतून निघालेले दोन म्हातारे. सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी हसलं. मी फोन परत दिला. तो घेताना आतल्यानं तो रुमालानं पुसला, माझ्या कानाचा घाम लागला होता म्हणून.

झालं होतं एवढंच. तो बोळ एकेरी होता. तोंडाशी नो एंट्रीची पाटी होती, चांगली माणसाच्या डोक्याएवढी. गाडी तिच्या खालून आत शिरत होती आणि मी हात दाखवला. गाडी चालवणारा तिशीतला, गळ्यात कंपनीचा बिल्ला. त्या वर्षांत पुण्यात असे बिल्ले फार झाले होते. शेजारी त्याचे वडील, पांढरा झब्बा, मांडीवर पिशवी. मी म्हणाले, "गाडी मागे घ्या ना जी, इकडून बंद आहे."

म्हाताऱ्यांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो बाई, या बोळात माझा जन्म झाला. ही पाटी परवा आली. आता कोणी कोणाला वाट द्यायची, आपणच सांगा."

मी परवाना मागितला. त्यांनी मान पुढे काढून माझ्या छातीवरची पट्टी वाचली. आडनाव सावकाश, एकेक अक्षर लावून, मोठ्यानं वाचलं.

"असं होय. म्हणजे राखीव जागेतून. मग बरोबर आहे. पाटी वाचता येते, माणूस वाचायला वेळ लागेल अजून."

शिवी नाही, आवाज चढलेला नाही. आपण, अहो, सगळं जागच्या जागी. मुलगा म्हणाला, "बाबा, सोडा ना, मी हँडल करतो." आणि त्यानं फोन लावला.

माझ्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता. खरं सांगायचं तर आयुष्यात मोबाइलवर मी जे पहिल्यांदा बोलले, ते असंच. दुसऱ्याच्या फोनवर, साहेबांची बोलणी खात. आमच्यात हा रिवाजच होता. गाडी अडवली की आतला फोन लावतो, फोन खिडकीतून येतो, आपण घ्यायचा, "जय हिंद सर" म्हणायचं, आणि हात हलवून गाडी सोडायची. कोणी शिकवत नाही. पाहून पाहून येतं.

आमचं गाव यवतमाळकडचं. बाप दुसऱ्याची काळी-पिवळी चालवायचा. जीपमध्ये जितकी माणसं मावायची त्याच्या दुप्पट बसायची आणि उरलेली मागे लोंबकळायची. त्याशिवाय मालकाला परवडायचं नाही. शाळेला सुट्टी असली की मी बापाशेजारी गिअरला चिकटून बसायची. नाक्यावर हवालदार असायचा. तो काही म्हणायच्या आत बाप खाली उतरायचा आणि हात जोडायचा. "गलती झाली जी, साहेब." मग थप्पड. कधी एक, कधी दोन. मग बाप वर चढायचा, आरसा नीट करायचा आणि गाडी सुरू करायचा. आरसा हललेला नसायचा. तरी करायचा.

जीपमधली माणसं बाहेर शेताकडे बघत बसायची. मीही तिकडेच बघायची. मला लाज वाटायची आणि ती हवालदाराची नव्हे, बापाची वाटायची. मारायच्या आधीच हात जोडतो, असा कसा हा माणूस. त्याच लाजेपोटी मी पहाटे उठून डांबरी सडकेवर धावले, गोळाफेक शिकले, भरती झाले. वर्दी घातली की आपल्या घराला कोणी हात लावणार नाही, एवढंच डोक्यात होतं. निवड झाली त्या दिवशी बापानं चेष्टेनं मला सॅल्यूट ठोकला. सगळे हसले. मला हसू आलं नाही, का ते तेव्हा कळलं नाही.

आणि आता वर्दी अंगात असताना मी भर रस्त्यात, मोठ्यानं, बापासारखीच म्हणाले होते. माफ करा, सर.

माझ्याबरोबर त्या चौकात एक हवालदार होते. मी त्यांना काका म्हणायची. लोणी काळभोरचे. मनानं चांगले. स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी मला द्यायचे, उन्हात मला सावलीच्या बाजूला उभं करायचे. गाडी गेली तेव्हा मी तोंड फिरवून टोपी नीट करत होते. त्यांनी पाहिलं.

"पोरी, मनाला लावून घ्यायचं न्हाय. बडी लोकं अशीच असत्यात. थांब, तुला बरं वाटंल असं करतो."

तेवढ्यात एक तीनचाकी टेम्पो त्याच पाटीखालून आत शिरला. कसब्यातून तांब्याची भांडी भरून आलेला. चालवणारा माझ्याच वयाचा, शेजारी त्याची बायको, मांडीवर डबा. काकांनी शिट्टी मारली आणि त्याला खाली ओढलं.

"पाटी दिसत न्हाय व्हय रं? धर कान. मॅडमची माफी माग. मोठ्यानं."

त्यानं कान धरले. माझ्यापुढे उभा राहिला. मघाच्याच जागेवर, मघाच्याच लोकांपुढे. काका माझ्याकडे बघून हसले. वडीलधारी माणसं रडत्या पोराच्या हातात गूळ ठेवून हसतात, तसे.

आणि मला बरं वाटलं.

हे लिहायला मला फार वर्षं लागली. क्षणभरच, पण बरं वाटलं. छातीवरचं ओझं कोणीतरी उचललं असं वाटलं. मघाशी मी ज्या पायरीवर होते, तिच्याखाली अजून एक पायरी आहे आणि तिथे कोणीतरी उभं आहे, याचं मला बरं वाटलं. याची मला आजही लाज वाटते. साहेबांपुढे माफी मागितल्याची वाटत नाही एवढी वाटते.

मग तो बोलला. "गलती झाली जी, मॅडम."

आमच्याकडचा होता. तोच हेल, तेच शब्द, तोच क्रम. मी टेम्पोकडे पाहिलं. त्याची बायको शेताकडे बघत नव्हती, तिथे शेत नव्हतंच. ती सरळ माझ्याकडे बघत होती. डोळे खाली न घेता, डबा घट्ट धरून.

"कान सोडा," मी म्हणाले. "हात खाली घ्या. मी पावती करते."

त्यानं कान सोडले नाहीत. उलट घट्ट धरले.

"पावती नका फाडू जी, मॅडम. कान धरतो ना मी. पाहिजे तर दोन थापडा मारा. पावती झाली तर मालक पगारातून कापते जी."

मी पेन उघडून तशीच उभी राहिले. इतकी वर्षं जे कळलं नव्हतं ते त्या अडाण्यानं, म्हणजे माझ्यासारख्याच एकानं, कान धरून मला सांगितलं. माझा बाप भेकड नव्हता. तो भरत होता. पावतीपेक्षा थप्पड स्वस्त पडत होती म्हणून घेत होता. ज्याच्या खिशात काही नाही त्यानं गाल पुढे करायचा, आणि ज्याच्याकडे फोन आहे त्यानं काहीच भरायचं नाही. वर माफी घेऊन जायची.

"जा," मी म्हणाले. काका म्हणाले, "अगं, असंच सोडलंस?" मी पेन बंद केलं. पाटी एकच होती. एकाला मी भीतीनं सोडलं आणि दुसऱ्याला शरमेनं. पाटीखाली उभी राहून मी दिवसभर काय करत होते, मला सांगता आलं नसतं.

ड्यूटी सुटल्यावर एसटीडी बूथवरून घरी, म्हणजे शेजाऱ्यांकडे फोन लावला. बापाला बोलावून घेतलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "बाबा, नाक्यावर मार खाल्ला की तुम्ही आरसा काहून नीट करायचे?"

बाप आधी हसला.

"आरसा कुठं नीट करत होतो वं," बाप म्हणाला. "गालावर बोटं उठले का, ते पाहत होतो. तुह्या मायनं पाहू नये म्हणून."

मी फोन ठेवला. बूथवाल्यानं उरलेली चिल्लर पुढे केली ती न घेताच निघाले.

काही दिवसांनी तीच गाडी आली. सकाळची, ऑफिसची वेळ. तीच पाटी, तोच मुलगा, तेच वडील. मी हात दाखवला. काच अर्धी खाली आली.

"अरे वा," म्हातारे म्हणाले. "विसरलात की काय आम्हाला?"

"नाही, आजोबा. लक्षात आहात. गाडी नो एंट्रीत आहे. परवाना द्या."

मुलानं परवाना दिला नाही. फोन लावला, दोन वाक्यं बोलला, आणि हात फटीतून बाहेर काढला. "घ्या. बोला."

माझे दोन्ही हात पाठीमागे होते. एकात एक घट्ट धरले होते, कारण त्यांना सवय होती, ते आपणहून पुढे गेले असते. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. तिच्यावर गावी धाकट्या भावाचं कॉलेज चालू होतं. हे सगळं मला त्या क्षणी नीट आठवत होतं.

"मी दुसऱ्याच्या फोनवर बोलत नाही," मी म्हणाले. "साहेबांना म्हणावं, वायरलेसवर सांगा. माझ्या खांद्यावर आहे. वायरलेसवर आदेश आला की मी लगेच सोडते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग फोनवर खालच्या आवाजात तेच सांगितलं. मी खांद्यावरच्या वायरलेसचा आवाज पूर्ण वाढवला. फोनवरचं बोलणं एका कानात जातं. वायरलेसवरचं कंट्रोल रूम ऐकते, सगळे चौक ऐकतात. फलाण्या माणसाला नो एंट्रीतून सोड, हे साहेबांना सगळ्या शहराला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं असतं.

आम्ही वाट पाहिली. दुसऱ्या कुठल्या तरी चौकात बस बंद पडल्याचं आलं. एका रुग्णवाहिकेला वाट द्यायचं आलं. खिडकीतला हात फोन धरून धरून अवघडला आणि आत गेला. साहेब काही बोलले नाहीत.

मुलानं परवाना बाहेर दिला. मी पावती लिहिली. नाव, गाडीचा नंबर, गुन्हा. म्हाताऱ्यांनी ती हातात घेऊन वाचली. "अक्षर बरं आहे," म्हणाले. मी म्हणाले, "गाडी मागे घ्या." मागच्या दुचाक्यांना बाजूला करून मीच त्या गाडीला मागे यायला वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "मी तुला वायरलेसवर सांगायचं काय?"

"हो, सर. सांगितलं असतं तर सोडलं असतं."

त्यांनी समोरची फाइल ओढली. मग म्हणाले, "चालू लाग." माझी बदली हायवेवर झाली, जिथे सावलीला झाड नाही आणि बाईमाणसाला जायला आडोसा नाही. कायम होणंही लांबलं. निघताना काका म्हणाले, "तू चुकलीस असं न्हाय म्हणत मी. पण शहाणपण बी न्हाय केलंस." त्या टेम्पोवाल्यानंतर त्यांनी पुन्हा माझ्यासमोर कोणाला कान धरायला लावले नव्हते. माझ्यामागे लावत असतील.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आता फिती माझ्याही बाहीवर आहेत आणि फोन माझ्याही खिशात आहे. पण खिडकीतून फोन अजून येतात. काचा तेवढ्या काळ्या झाल्या. माझे हात पाठीमागे असतात.

आणि टेम्पोवाले, रिक्षावाले, गावाकडून कालच आलेली पोरं, गाडीतून उतरायच्या आधीच कानाला हात लावतात. ते बघवत नाही. पण मी तोंड फिरवत नाही आणि असंच सोडूनही देत नाही. कोणाला कान धरायला लावायचे नाहीत, पावती करायची, हे नव्या शिपायांनाही मी सांगते आणि जो ऐकत नाही त्याचा रिपोर्ट करते. एखादा म्हणतो, मॅडम, दोन थापडा मारा पण पावती नको. रडतो. मी पावती लिहिते. मोठ्या गाडीला जी लिहिली तीच, त्याच अक्षरात. ती देण्याआधी एकच सांगते.

"कान सोडा. हात खाली घ्या. आता बोला, गाडी कुठे चालली होती?"